दळपाच्या डब्याचं माप

आप्पा,

तुमचा दळपाचा डबा पुन्हा दळपाच्या कामाला लागला, एवढं कळवायला बसले होते, आणि बराच वेळ नुसती कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. तुम्ही असतात तर हे फोनवर एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते. तुम्ही ‘बरं झालं की’ म्हणाला असतात आणि फोन आईच्या हातात दिला असतात. फोनवर बोलायचा तुम्हाला पहिल्यापासून कंटाळा, जे काय सांगायचं ते चालता चालता. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता तुमच्या शेजारून चालायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे. मध्येच कुठं चिडले तर मनावर घेऊ नका, ती सवय तुमचीच लागलेली आहे.

डबा तोच, ॲल्युमिनियमचा, कडीचा, पाच किलो गहू मावणारा, बुडाला एका बाजूनं पोचा आलेला. दुसऱ्यांच्या घरात असा डबा गिरणीपुरता असतो, आपल्याकडे तो तुमच्या धंद्याचा होता. बदली होऊन कोल्हापुरात आलेले शिक्षक, बँकेतले कारकून, नुकती लग्नं झालेली जोडपी, सगळ्यांना तुम्ही भाड्याच्या खोल्या बघून द्यायचात. पाटी नाही, ऑफिस नाही. मिरजकर तिकटीजवळच्या सायकलच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं, तोच तुमचा पत्ता. खोली दाखवून झाली, पाणी कधी येतं, मोरी कुठं, मालक कसा हे सांगून झालं, की तुम्ही दाराशी ठेवलेला गव्हाचा डबा उचलायचात आणि बायकोच्या नव्हे, नवऱ्याच्या हातात द्यायचात. ‘‘चला पावणं, गिरणीपतूर जाऊन येऊ.’’ तो बिचारा इस्त्रीच्या शर्टात डबा घेऊन पुढं, बायको तोंडाला पदर लावून हसत मागं, आणि सगळ्यांच्या मागं तुम्ही, बोटं दुमडत. कडी हाताला रुतायला लागली की माणूस डबा या हातातून त्या हातात घेतो. गिरणी येईपर्यंत त्यानं किती वेळा हात बदलला, ते तुम्ही मोजायचात. दोनदा बदलला तर खोली घ्यायची. तीनदा बदलला तर बायकोला विचारायचं. चौथ्यांदा बदलला की तुम्ही तिथंच थांबायचात आणि ही खोली तुमच्यासाठी नाही म्हणून सांगून टाकायचात, मग तो कितीही तयार असो. हाताशी आलेली गिऱ्हाइकं अशी घालवता म्हणून आई तुमच्याशी भांडायची आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा पुसून तुमच्या हातात द्यायची.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी अकरा-बारा वर्षांची आहे. रंकाळ्याच्या पलीकडं एकानं सहा नव्या खोल्या बांधल्या आहेत. मोझॅकची फरशी, प्रत्येक खोलीला वेगळा नळ, उजेड-वारा भरपूर, आणि भाडं पेठेपेक्षा कमी. तरी भाडेकरू वर्षभर टिकत नाही. मालक तुमच्या बाकड्यासमोर येऊन तणतणतो आहे, की तुम्ही मुद्दाम माणसं पाठवत नाही. तुम्ही एका हातात डबा घेता, दुसऱ्या हातानं मला धरता आणि त्याच्या खोल्यांपर्यंत चालत जाता. तिथून गिरणीपर्यंत डबा न्यायला मालकालाच लावता. गडी पैलवानी अंगाचा, पण पाचव्यांदा हात बदलायची वेळ आल्यावर तो डबा रस्त्यात ठेवतो आणि कमरेवर हात देऊन उभा राहतो. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणता, ‘‘खोली तुमची झ्याक हाय. पर माणसं खोलीत झोपत्यात, राहत्यात गल्लीत. तुमच्या खोलीला गल्लीच न्हाय.’’ रस्त्याकडची एक खोली वर्षभर भाडं न घेता गिरणीवाल्याला द्या, असं तुम्ही त्याला सुचवलंत. तुम्हाला वेड्यात काढून तो निघून गेला. वर्षभरानं त्याच खोलीत गिरणी सुरू झाली, शेजारी किराणा दुकान आलं, मग दुधाची डेअरी, आणि बाकीच्या पाच खोल्या मी कॉलेजात जाईपर्यंत तरी कधी रिकाम्या पडल्या नाहीत. घर बांधून भाड्यानं देणाऱ्याला नेमकं काय विकत घ्यावं लागतं, हे मला त्या दिवशी फुकटात शिकायला मिळालं होतं. मी ते पुढं अगदी पद्धतशीर विसरून गेले.

आपल्या स्वतःच्या दोन खोल्याही भाड्याच्याच होत्या, मंगळवार पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत. स्वयंपाकघर एवढंसं की आई भाकरी थापत असताना मी दप्तर भरायला बसले तर दोघींपैकी एकीनं पाय आखडून घ्यायचे. पण त्या घरात आई असायची किती वेळ? सकाळी ती दुधाला जाते. परत येते तर कोथिंबीर राहिलेली असते, म्हणून कपिलतीर्थाच्या मंडईत जाते. अंबाबाईला बाहेरूनच हात जोडते म्हणून निघते आणि तासाभरानं प्रसाद घेऊन उगवते. दुपारी दळप टाकते, चारला आणते, मधल्या वेळात ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे बसते. संध्याकाळी तुम्ही दोघं गंगावेशीत दूध प्यायला जाता आणि कधी कधी मीही बरोबर असते. समोर म्हैस, हातात फेसाळ ग्लास, आई पदरानं ओठ पुसते आणि तुम्ही उगीच दुसरीकडे बघता. वाटेत कुणी भेटलं नाही असा एक दिवस मला आठवत नाही. मला त्याचा भयंकर वैताग यायचा. आईबरोबर निघालं की दहा मिनिटांचं काम कधी दहा मिनिटांत झालं नाही. आज तो वैताग मला परत हवा आहे, आप्पा. फार हवा आहे.

तुम्ही मला एकदाच चारचौघांत बोललात. कॉलेज संपवून मी तुमच्याबरोबर खोल्या दाखवायला यायला लागले होते आणि मला वाटायचं की तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. बँकेत बदलून आलेले एक साहेब, त्यांची बायको आणि म्हातारी आई. खोली त्यांना पसंत होती. बाजार केवढ्या लांब आहे असं त्या बाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, पाच मिनिटं. तुम्ही जिन्यावरच थांबलात. ‘‘कुणाची पाच मिनिटं? तुझी का या म्हातारीची?’’ मग सगळ्यांसमोर मला सांगितलंत की आजींच्या मागून चाल, पुढं जायचं नाही, घाई करायची नाही. म्हातारी दोन दारांत टेकली, एका कट्ट्यावर बसली, कुणाच्या तरी नातवाच्या गालाला हात लावला. मी मागं, मान खाली. मंडई येईपर्यंत वीस-बावीस मिनिटं गेली असतील. म्हातारी खुशीत होती, म्हणाली, जवळच आहे की. मी मात्र तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं दोघांना एकाच ताटात वाढलं आणि प्रकरण मिटलं.

राजारामपुरीत मी माझं ऑफिस थाटलं तेव्हा तुम्ही काय भेट देणार याची मला उत्सुकता होती. मला वाटलं होतं, भिंतीवरचं घड्याळ. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा डबा टेबलावर ठेवलात. आईकडून घासून आणला होतात, पोचा तेवढा तसाच. ‘‘लागंल तुला,’’ एवढंच म्हणालात. समोर काचेचं टेबल, फिरती खुर्ची, उद्‌घाटनाला आलेले बिल्डर लोक आणि मध्ये हा दळपाचा डबा. मी तो हसून उचलला आणि पाहुणे गेल्यावर टेबलाखाली सारला. तुम्ही ते पाहिलंत की नाही, मला माहीत नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा मी तो वर काढला आणि त्यात किल्ल्या ठेवायला लागले. भाड्यानं द्यायच्या फ्लॅटच्या किल्ल्या, लेबलं लावलेल्या. माणसं विचारायची, हा डबा काय, आणि मी सांगायची, वडिलांची आठवण. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं आणि मलाही.

धंदा चांगला चालला आप्पा, खोटं कशाला बोलू. शहर कळंब्याच्याही पुढं सरकलं, उसाच्या रानात इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या बऱ्याच मी विकल्या. गारगोटी रोडवरच्या एका मोठ्या संकुलाची जाहिरात मीच लिहिली होती. लिफ्ट, बाग, गेटवर वॉचमन, आणि खाली माझं लाडकं वाक्य, सर्व सोयी हाकेच्या अंतरावर. दुकान, गिरणी, बसथांबा ‘दहा मिनिटं’ लिहिलं होतं. ते अंतर मी स्वतः मोजलं होतं, स्कूटरवर बसून. वाटेत ट्रॅक्टर आडवा आला म्हणून दोन मिनिटं जास्तच धरली होती, एवढी मी प्रामाणिक. इचलकरंजीच्या एका माणसानं त्यातले दोन फ्लॅट घेतले. यंत्रमाग विकून टाकले होते, आता भाड्यावर निवांत बसायचं म्हणत होता. मीही एक घेतला, माझ्यासाठी आणि आईसाठी. मी लग्न केलं नाही हे तुम्हाला माहीतच आहे, आम्ही दोघीच. पेठेतल्या आपल्या खोल्या मालकानं पाडायला काढल्या होत्या, त्यामुळं निर्णय सोपा झाला. सामान हलवताना आईनं फक्त एकच विचारलं होतं, तिथं गिरणी आहे का? मी म्हटलं, दहा मिनिटांवर.

पहिला इशारा मला एका नर्सनं दिला होता. मलकापूरकडची बाई, नवरा पुण्यात कामाला, एक शाळकरी मुलगी. इचलकरंजीच्या पाहुण्यांचा एक फ्लॅट मी तिला भाड्यानं दिला. तिसऱ्या महिन्यात ती किल्ली परत द्यायला आली. मला वाटलं गळती असेल, नाहीतर शेजाऱ्यांचा त्रास. ती म्हणाली, तसं काही नाही. ‘‘खोली लई चांगली हाय मॅडम. खोलीतनं भाईर पडायलाच जमंना.’’ तिला गाडी चालवता येत नव्हती. ड्युटी संपल्यावर बस मिळाली तर मिळाली. मुलीला खोडरबर हवं झालं तरी रिक्षा. मी तिला स्कूटी शिकून घ्यायचा सल्ला दिला आणि किल्ली डब्यात टाकली. त्यानंतर तो फ्लॅट तसाच पडून राहिला, त्याच्या शेजारचा तर कधी लागलाच नव्हता. दर महिन्याला इचलकरंजीहून फोन यायचा आणि मी बाजार थंड आहे म्हणायची.

आणि घरात आई. तिला काही कमी नव्हतं हो, तेच तर वाईट. भाजी फोनवरून यायची, पीठ पिशवीतून यायचं, दूध दाराला अडकवलेलं असायचं. पहिले काही दिवस ती खाली बागेत जायची, गेटपर्यंत चालायची आणि परत यायची. परत येऊन सांगायची, वॉचमन जेवला का विचारलं. मग तेही कमी झालं. दिवसभर खिडकीत बसून रस्त्याकडं बघायची, आणि रस्त्यावर माणूस नाही, नुसत्या गाड्या. डॉक्टरांनी सगळं तपासून झाल्यावर मला विचारलं, या बोलतात कुणाशी? मी म्हटलं, माझ्याशी.  एके दिवशी तिनं मला आज वार कोणता असं विचारलं आणि मी हादरले. पेठेत तिला वार विचारावा लागला नव्हता. आज शुक्रवार, देवीच्या दाराशी गर्दी, एवढं तिला चपलेत पाय घालतानाच कळायचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी राजारामपुरीत गिऱ्हाइकासमोर बसले होते. वॉचमनचा फोन आला, की आजी पिशवीत डबा घालून सकाळी बाहेर गेल्यात, अजून आल्या नाहीत. मी स्कूटर काढली. पोचले तर एक रिक्षा गेटशी उभी होती आणि आई मागच्या सीटवर, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. चेहरा उन्हानं लालबुंद, चप्पल धुळीनं माखलेली. ती मला बघून हसली. रिक्षावाला हसला नाही. ‘‘मावशी झाडाखाली बसल्यात्या. उसाचे ट्रॅक्टर जात्यात, रस्त्याला चालायला कड न्हाय. एकटीला सोडता व्हय?’’ असं त्यानं मला गेटवर, सगळ्यांसमोर विचारलं. मी पैसे काढले. त्यानं भाडंही घेतलं नाही.

वर आल्यावर मी तिच्या पायांवर पाणी घातलं. रागावायचं ठरवून बसले होते, पण तोंडातून भलतंच निघालं. विचारलं, ‘‘कितीदा हात बदललास?’’

‘‘अकरा येळा. म्होरं मोजायचं सोडलं,’’ ती म्हणाली. ‘‘तरी गिरणी आलीच न्हाय.’’

मी तिला विचारलं, पेठेत तू किती वेळा बदलायचीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे. तिथं कोण मोजतंय, म्हणाली. हात बदलायला म्हणून थांबलं की कोणीतरी बोलायचंच, आणि बोलता बोलता डबा त्या बाईच्या हातात गेलेला असायचा. तिच्या आयुष्यात तिनं एकटीनं डबा गिरणीपर्यंत कधी नेलाच नव्हता. मग बोटांवरचे पिशवीच्या बंदांचे वळ चोळत ती म्हणाली, ‘‘आप्पास्नी ठावं होतं की. हात मोजतोय असं नुसतं दाखवायचे. बघायचे दुसरंच. माणूस डबा खाली ठिवून थांबल्यावर त्याच्यासंगं कोण बोलतंय का न्हाय, ते बघायचे.’’

आप्पा, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? इतकी वर्षं मी तुमच्या मागं चालले आणि मला वाटत राहिलं की तुम्ही अंतर मोजता आहात. मी त्या रात्री जेवले नाही. राग तुमचा आला होता, मग हळूहळू तो जिथं जायचा तिथं गेला. तुम्ही सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर आवडलं नाही म्हणून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी डबा टेबलावर उपडा केला. किल्ल्यांचा ढीग पडला, निम्म्या लेबलांवरची शाई उडालेली. एकाच संकुलाच्या किल्ल्या किती असाव्यात, त्या बघूनच मला लाज वाटली. मग इचलकरंजीला फोन लावला आणि सांगून टाकलं, की मी तुम्हाला जी दहा मिनिटं सांगितली होती ती स्कूटरची होती.  ते पलीकडून गरजले, ‘‘म्हंजे फसवलंसा की मला.’’ मी होय म्हटलं. मला वाटलं, आता हा माणूस गावभर माझ्या नावानं बोंब मारणार. पण दोन दिवसांनी ते स्वतः आले. मी तोपर्यंत डब्यात गहू भरून ठेवले होते. त्यांच्याच फ्लॅटच्या दारात तो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, चला, गिरणीपर्यंत जाऊन येऊ. रस्त्याला लागल्यावर सातव्यांदा हात बदलताना ते थांबले. मागून ट्रॅक्टर आला म्हणून आम्ही दोघं उसात उतरलो आणि तिथंच ते हसायला लागले. त्यांच्या यंत्रमागांच्या शेडच्या पाठीमागं एक खोली होती म्हणे, पत्र्याची, पावसात गळायची, पण वर्षानुवर्षं कधी रिकामी राहिली नाही. पाळी सुटली की कामगार चालत घरी, दारात चहाची गाडी, समोर किराणा. परराज्यातून आलेली माणसंसुद्धा आधी तीच खोली मागायची. ‘‘हे मला ठावं हुतं की ताई. ठावं असून तुमच्या लिफ्टला भुललो.’’

त्यांनी एक फ्लॅट काढून टाकला आणि पेठेत, मिरजकर तिकटीपासून थोडं आत, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, जिना अंधारा. कुरकुर भरपूर केली. मी त्या नर्सला फोन केला. ती मुलीला घेऊन आली, खिडकीतून खाली वाकून बघितलं आणि भाडं विचारायच्या आधी शाळा किती लांब ते विचारलं. या वेळी मी मिनिटं सांगितली नाहीत. म्हटलं, मुलीला चालवून आण, तिची तीच मोजेल. ती आता वर्षभर तिथं आहे आणि इचलकरंजीचा फोन आता फक्त दिवाळीला येतो.

त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या मी आईसाठी भाड्यानं बघितल्या. आम्ही दोघी आता तिथंच राहतो. माझा तो फ्लॅट विकायला काढला आहे, अजून गेलेला नाही. कुणी बघायला आलं की मी त्यांना आधी डबा देते, मग कसा जाईल, सांगा. पेठ तुमच्या वेळची राहिलेली नाही, आप्पा. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, चालायला मधला पट्टाच. आपल्या ओळखीची माणसं बरीचशी गेली, उरलेली मुलांकडे पुण्याला. तुमच्या सायकलच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं आहे आणि बाकडं कुणी नेलं कुणालाच ठाऊक नाही. आल्या आल्या पहिले आठ दिवस आई दारातच उभी राहायची. मला भीती वाटली की आपण उशीर केला. नवव्या दिवशी कोथिंबीर आणायला म्हणून गेली आणि दीड तासानं आली, कोथिंबीर न घेता. कुणीतरी भेटलं होतं. मी दार लावून मोरीत जाऊन रडले. आता नर्स ड्युटीला जाताना आईचा दळपाचा डबा गिरणीत टाकते म्हणते, तर आई ऐकत नाही. निम्म्यापर्यंत मी नेणार, निम्म्यानंतर तू, असं त्यांचं ठरलं आहे. वाटेत दोघी किती वेळ उभ्या राहतात हे मी ऑफिसला जाताना बघते. नर्सला उशीर होतो, आणि तरी ती थांबते.

पोस्टाची पेटी इथून चालत चार मिनिटांवर आहे. आईची चार मिनिटं, माझी नव्हेत. पण हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, वर काय लिहायचं हा प्रश्न आहेच, आणि तुमचा पत्ता म्हणून मी ते बाकडंच लिहीन, हेही मला माहीत आहे.

एक सांगायचं राहिलं. आईला इथं आणण्याआधी मी एकटी आले होते, डबा भरून, खोलीपासून गिरणीपर्यंत. पहिल्यांदा मी औषधाच्या दुकानासमोर हात बदलला. कडी खरोखरच रुतली होती. तिथं भाजी घेऊन बसलेल्या म्हातारीनं मान वर करून विचारलं, ‘‘कुणाची गं तू?’’ मी तुमचं नाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं, तरी तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि मला माझी सगळी कुळकथा विचारली. तेव्हाच मी ठरवलं की खोली घ्यायची. पुढं गेले. परत आल्यावर आईनं विचारलं तेव्हा मी दोनदा म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नाही, दोनदाच बदलला. पण दुसऱ्यांदा माझा हात दुखत नव्हता, आप्पा. मोबाइलच्या दुकानासमोर, तुमच्या बाकड्याच्या जागी, मी डबा खाली ठेवला आणि कुणी बोलतंय का बघत उभी राहिले.